जुन्या हात-स्क्रॅपरला नवे पाते आणि त्यातून पक्षी-छायाचित्रणाचे लाकडी साहित्य

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या हत्यारपेटीत आपल्याला तीन जुने हात-स्क्रॅपर, म्हणजे पृष्ठभाग खरवडण्याची हत्यारे, मिळाले आहेत. एक बिडाचा, दोन्ही बाजूंना मुठी असलेला, सुतारकामाचा. दुसरा लांब दांड्याचा, टोकाला पाते आवळण्याची सोय असलेला, फिटरचा. आणि तिसरा तिकोनी. पहिल्याचे पाते गंजले आहे, दुसऱ्याचे पाते नाहीच, आणि नागपूरच्या इतवारी बाजारात चौकशी केल्यावर हा माल आता येत नाही एवढेच उत्तर मिळाले. या हत्यारांच्या मदतीने १५०-६०० मिलिमीटरच्या लेन्ससाठी लाकडी गिंबल हेड (जड लेन्सचा तोल सांभाळून ती सहज फिरू देणारे ट्रायपॉडचे डोके) आणि तळ्याकाठी जमिनीवर ठेवता येईल असा आधार तयार करून अंबाझरी व गोरेवाडा येथे पक्ष्यांची छायाचित्रे घ्यावीत असा आपला विचार आहे, आणि यातले घरी काय करावे व विकत काय घ्यावे, हेही आपण विचारले आहे.

तिन्ही स्क्रॅपर पुन्हा कामाला लागतील आणि त्यासाठी नागपूरच्या बाहेर जाण्याची गरज बहुधा पडणार नाही. मात्र दुकानात जाऊन कंपनीचे नाव किंवा अंगावर ओतलेला नंबर सांगून पाते मागणे सोडून द्यावे. लोहा ओळीतील (लोखंडी मालाच्या बाजारातील) दुकानदाराला त्या नंबराचा उपयोग नाही, कारण त्याच्याकडे माल मापाने आणि पोलादाच्या जातीने लावलेला असतो. पाते म्हणजे ठरावीक लांबी-रुंदी-जाडीचा, ठरावीक कठीणतेचा आणि अंगात ठरावीक पद्धतीने आवळला जाणारा धातूचा तुकडा. या तीन गोष्टी कागदावर लिहून नेल्या की शोध सोपा होतो. म्हणून सर्वप्रथम एक व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन) घ्यावा आणि पाते बसण्याच्या खाचेची रुंदी, आवळपट्टीखाली मावणारी जाडी आणि पाते वरपर्यंत किती उंच जाऊ शकते, ही मापे अंगावरून घ्यावीत. गंजलेल्या पात्यावरून घेतलेली जाडी फसवी असते.

सुताराच्या स्क्रॅपरपासून सुरुवात करतो, कारण आपल्या कामात तोच सर्वाधिक उपयोगी पडणार आहे. आपण केलेल्या वर्णनावरून तो स्टॅन्ले कंपनीच्या ८० क्रमांकाच्या (स्टॅन्ले ८०) नमुन्याचा किंवा त्याच धर्तीवर बनवलेला दिसतो. मागच्या बाजूला मधोमध एक अंगठ्याने फिरवायचा स्क्रू आणि पुढे दोन स्क्रूंनी आवळली जाणारी पट्टी असेल, तर खात्री समजावी. त्याचे मूळ पाते ७० मिलिमीटर रुंद असते आणि जाडी साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी असते. रंध्याच्या पात्याशी त्याची तुलना करू नये. रंध्याचे पाते जाड आणि खूप कडक असते. हे पाते पातळ आणि मधल्या कठीणतेचे, म्हणजे रॉकवेल सी मापाने ५० च्या आसपास असते. असे का, हे समजल्यास चुकीचा माल घरी येणार नाही. हे पाते नुसत्या धारेने कापत नाही. धारेच्या कडेला घासून वळवलेले जे बारीक नख असते, ज्याला कारागीर बर म्हणतात, ते लाकडाचा छिलका काढते. पोलाद फार कडक असले तर ते नख वळण्याऐवजी तुटते, आणि फार मऊ असले तर पहिल्याच हाताला झोपते. मधल्या स्क्रूने पात्याला किंचित बाक द्यायचा असतो, त्यासाठीही ते स्प्रिंगसारखे वाकून परतणारे हवे.

नवे पाते शोधण्याआधी जुने तपासावे. अशा पात्यांचे आयुष्य बहुतेक वेळा संपलेले नसते. त्यांचे नख गेलेले असते आणि वापरणाऱ्याला ते पुन्हा काढता येत नाही, एवढेच. गंज घासून काढल्यावर कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत स्वच्छ, खड्डे नसलेले पोलाद लागले, तर तेवढा भाग कानशीने उतरवून तेच पाते वापरावे. मूळ पात्याचे पोलाद पुष्कळदा आज बाजारात मिळणाऱ्यापेक्षा एकसारखे असते. खड्डे मात्र सपाट पाठीवर धारेपाशी असतील तर ते पाते सोडावे, कारण नख पाठीच्या आणि उताराच्या संगमावर तयार होते आणि खड्ड्याच्या जागी ते तुटकच राहते.

पाते नवे करायचे ठरल्यास सर्वांत सरळ मार्ग म्हणजे सुतारांचा साधा चौकोनी स्क्रॅपर, ज्याला कार्ड स्क्रॅपर म्हणतात, तो विकत घ्यावा. तो सामान्यतः १५० मिलिमीटर लांब मिळतो, म्हणजे एका नगातून ७० मिलिमीटरची दोन पाती निघतात. ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा मागावा. दुसरा मार्ग मला स्वतःला अधिक आवडतो आणि तो नागपूरकरांच्या हाताशी आहे. लकडगंजातील आरा मशीनवर रुंद बँड-सॉचे पट्टे दात संपल्यावर किंवा तडकल्यावर काढून टाकले जातात. त्यांचे पोलाद जवळपास याच कठीणतेचे आणि लवचीकतेचे असते. पट्ट्याचा दातांकडील भाग आणि जोडाजवळचा भाग टाळावा, मधला घ्यावा, आणि जाडी व्हर्निअरने तपासूनच उचलावा. जुन्या, चांगल्या प्रतीच्या हातकरवतीचे पानही चालते. स्टेनलेसची मोजपट्टी मऊ पडते. हॅक्सॉचे हाताने वापरायचे ब्लेड अरुंद असते आणि ठिसूळही. पॉवर हॅक्सॉचे (धातू कापण्याच्या यंत्रकरवतीचे) जाड हायस्पीड स्टीलचे ब्लेड सुतारी स्क्रॅपरला निरुपयोगी आहे, कारण त्यावर नख वळत नाही. ते फिटरच्या कामाला लागेल, त्याविषयी पुढे लिहितो.

कबाड्याकडे मिळालेला तुकडा कोणत्या पोलादाचा आहे, हे ओळखण्यास दोन साध्या चाचण्या पुरेशा आहेत. नवी कानस कडेवर चालवून पाहावी: ती जोर लावल्यावर धातू घेत असेल तर पोलाद आपल्या कामाचे आहे, काचेवरून घसरावी तशी घसरत असेल तर ते फार कडक आहे. दुसरी चाचणी ग्राइंडरच्या ठिणग्यांची. साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पिवळट-पांढऱ्या असतात आणि फुलबाजीसारख्या फुटतात. हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या मंद तांबूस असतात आणि फारशा फुटत नाहीत.

तुकडा कापताना पातळ कटिंग डिस्क वापरावी आणि पाण्यात बुडवत काम करावे. पोलाद तापून रंग बदलू लागले की लोक घाबरतात, पण येथे भेद करायला हवा. करवतीच्या जातीचे पोलाद मुळातच बऱ्याच वरच्या तापमानाला टेंपर केलेले (कठीण केल्यावर पुन्हा तापवून लवचीक केलेले) असते, म्हणून किंचित निळसर छटा आल्याने ते वाया जात नाही. निळा रंग जाऊन राखाडी पडला तर तेवढा भाग मऊ झाला असे समजून घासून टाकावा. याउलट जुन्या कानशीपासून घडवलेल्या फिटरच्या स्क्रॅपरवर निळा रंग दिसला, तर त्या जागेची कठीणता नक्की गेलेली असते.

आता धार. स्टॅन्ले ८० च्या पात्याला ४५ अंशांचा एकाच बाजूचा उतार असतो. वाइसमध्ये पाते दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून कानशीने तो उतार एकसारखा करावा, दोन्ही टोकांचे कोपरे अगदी किंचित गोल करावेत म्हणजे लाकडावर रेघा उठणार नाहीत, मग उतार आणि सपाट पाठ दोन्ही बारीक दगडावर कानशीचा एकही ओरखडा न राहेपर्यंत घासावीत. या पायरीत घाई केली तर पुढचे सर्व श्रम व्यर्थ जातात, कारण नख हे त्या घासलेल्या कडेचीच प्रत असते. नख वळवण्यासाठी गुळगुळीत, कडक दांडी लागते. टूलरूमच्या भंगारात सॉलिड कार्बाइडचे (पोलादाहून कितीतरी कठीण पदार्थाचे) ड्रिल मोडके मिळते, त्याचा गोल दांडा यासाठी उत्तम. थेंबभर तेल लावून दांडी आधी उताराच्याच कोनात फिरवावी आणि मग हळूहळू तिचा कोन वाढवत पात्याच्या सपाट पाठीशी सुमारे ७५ अंशांवर आणावी. दाब मध्यम आणि एकसारखा हवा. पाठीवरून बोट बाहेरच्या दिशेला सरकवल्यास कडेशी सलग अडखळ जाणवली पाहिजे.

पाते अंगात खालून घालावे, म्हणजे नख दुखावत नाही, आणि उताराची बाजू मागच्या स्क्रूकडे ठेवावी. अंग सपाट लाकडावर टेकवून, पाते हलके खाली दाबून पट्टी आवळावी, आणि मग मधला स्क्रू पात्याला टेकेपर्यंत व त्यापुढे थोडासाच फिरवावा. पातळ, सलग छिलका निघाला तर सर्व बरोबर आहे. नुसता भुसा पडत असेल तर नख नाही किंवा ते बोथट झाले आहे. आपण आपल्या भागातला साग वापरणार असाल तर हे लक्षात ठेवावे की सागात सिलिका असते आणि ती धार फार लवकर खाते. दर वेळी कानस लावण्याची गरज नाही. जुने नख दांडीने पाठीवर सपाट दाबून पुन्हा वळवले की काही वेळा तेच पाते चालते.

बिडाच्या अंगाचा तळही एकदा तपासावा. पट्टी आवळून, सरळ धारेची पट्टी तळावर ठेवून उजेडाकडे पाहावे. मध्ये पोकळ असलेला तळ पात्याला लाकडापर्यंत नीट पोहोचू देत नाही. हा दोष काढण्याचे हत्यार आपल्या पेटीतच आहे, ते म्हणजे फिटरचा सपाट स्क्रॅपर.

या दुसऱ्या हत्याराचे कौशल्य आज विरळ झाले आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. सपाट पृष्ठाच्या कामात पृष्ठे एकमेकांवर घासण्यापेक्षा स्क्रॅपिंगच श्रेष्ठ, हे ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे मांडले, आणि लेथ-मिलिंगच्या मार्गिका दुरुस्त करणारे कारागीर आजही त्याच तत्त्वाने काम करतात: सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) मार्किंग ब्लू हा निळा खूणरंग लावायचा, त्यावर काम फिरवायचे, आणि निळे झालेले उंचवटेच तेवढे खरवडायचे. आपल्या दांड्याच्या टोकाला आवळस्क्रू आहे, त्यावरून त्यात बहुधा कार्बाइडचे सुटे पाते बसत असावे. त्या खाचेत पात्याच्या मागे शिसे, तांबे किंवा ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा असतो. तो हरवला असल्यास आधी तो करावा, कारण कार्बाइड कडक पोलादावर थेट आवळले तर तडकते.

पाते मिळवण्याचे येथे दोन मार्ग आहेत. तयार सुटी कार्बाइड पट्टी मापाने मिळाली तर ती घ्यावी. ती न मिळाल्यास खाचेत बसेल अशा पोलादी पट्टीच्या टोकावर कार्बाइडची टिप चांदीच्या ब्रेझिंगने (चांदीयुक्त डाख वितळवून) जोडून घ्यावी. हिंगणा एमआयडीसीत टूल ग्राइंडिंग आणि ब्रेझ्ड टूलची कामे करणाऱ्या लहान वर्कशॉपांना हे नवीन नाही. त्यांना आपण बीड खरवडणार असल्याचे सांगावे आणि के२० जातीची टिप मागावी, कारण के वर्ग बिडासाठीच आहे. टोकाचा आकार मात्र आपण काढून द्यावा, नाहीतर ते लेथच्या टूलसारखी तीक्ष्ण धार करून देतील. स्क्रॅपरच्या टोकाचा कोन ९० अंशांपेक्षा किंचित अधिक हवा, आणि समोरून पाहिल्यास धार सरळ नसून हलक्या कमानीत हवी, म्हणजे कोपरे रुतत नाहीत. भरड कामाला कमान जवळजवळ सपाट, बारीक कामाला अधिक गोल. आपल्याला एका बिडाच्या तळापुरतेच काम असेल तर कार्बाइडचा खर्चही टाळता येतो: वर उल्लेखलेल्या पॉवर हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा त्याच आकारात घासून खाचेत बसवावा. त्याला धार वारंवार लावावी लागेल, पण बीड तो निश्चित खरवडतो.

कार्बाइड साध्या राखी चाकावर घासू नये. चाक झिजते, कार्बाइड घासले जात नाही. हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक किंवा डायमंड चाकच लागते. आणि हे काम ओले, तोंडावर चांगला मास्क बांधूनच करावे, कारण कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असते आणि ती फुप्फुसांना अपाय करते. घरात लहान मुले असतील तर हे घासकाम वर्कशॉपमध्येच करवून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

तिकोनी स्क्रॅपरला नवे पाते नसतेच. त्याच्या तीन सपाट बाजू दगडावर घासल्या की तिन्ही धारा परत येतात.

आता छायाचित्रणाच्या साहित्याकडे वळतो. १५०-६०० जातीच्या लेन्सचे वजन सुमारे २ किलो असते, कॅमेरा धरून एकूण ३ किलोपर्यंत जाते, आणि हे वजन बॉल हेडवर (गोळ्यावर सर्व दिशांना फिरणाऱ्या ट्रायपॉडच्या डोक्यावर) सतत एका बाजूला कलंडू पाहते. गिंबलमध्ये वरखाली फिरण्याचा अक्ष लेन्स आणि कॅमेऱ्याच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून जातो, म्हणून हात सोडला तरी लेन्स आहे तेथेच राहते आणि उडत्या पक्ष्यामागे बोटाच्या दाबाने फिरते. लाकडात हे साधणे पूर्ण शक्य आहे. मेच्या उन्हात गिंबलचा धातूचा हात चटका देतो आणि लाकडाचा देत नाही, हा नागपुरात लहान फायदा नव्हे.

इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा हात सागाच्या दोन फळ्या जोडून करू नये. सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो. त्याऐवजी आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याच्या प्लायवूडमधून पूर्ण एल आकाराचे तीन थर कापून एकावर एक चिकटवावेत, म्हणजे कोपऱ्यात जोडच राहत नाही. येथे आपल्या स्क्रॅपरचे काम कडेचा सुकलेला गोंद काढण्यापुरते आहे. प्लायच्या तोंडावर तो चालवू नये, कारण वरचे पापुद्र्याएवढे लाकूड लगेच निघून जाते. लेन्स ज्यावर बसते तो पाळणा मात्र सागाचा करावा आणि त्यावर स्क्रॅपर मनसोक्त चालवावा. साग तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी जोडाची जागा ॲसिटोनने पुसावी.

फिरण्याच्या दोन्ही अक्षांना बॉल बेअरिंग बसवण्याचा मोह होतो, तो टाळावा. बेअरिंग इतके मोकळे फिरते की वाऱ्याच्या झुळुकेनेही लेन्स हलते. जाड बोल्ट, पितळी बुश (बोल्ट ज्यात फिरतो ती नळी) आणि दोन्ही बाजूंना रुंद नायलॉन वॉशर यांनी हवे तेवढे घर्षण ठेवता येते. बुश घट्ट बसत असेल तर तिकोनी स्क्रॅपरने आतून हलक्या हाताने खरवडून मोकळा करावा. हे त्याचे मूळचेच काम आहे. पाळणा वरखाली सरकवता येईल अशी उभी खाच ठेवावी. तोल साधताना लेन्स ६०० मिलिमीटरवर पूर्ण उघडलेली आणि हूड लावलेला असावा, कारण या लेन्स झूम करताना पुढे लांबतात आणि गुरुत्वमध्य सरकतो, आणि पक्ष्यांसाठी आपण बहुतेक वेळ ६०० वरच असणार आहोत.

लेन्सचा पाय धरणारा आर्का पद्धतीचा (प्लेट खाचेत सरकवून आवळायचा) क्लॅम्प आणि प्लेट मात्र धातूची, चांगल्या प्रतीची, विकतच घ्यावी. त्या एका आवळणीवर सगळी लेन्स लटकलेली असते. ट्रायपॉडशी जोडण्यासाठी ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचा स्क्रू लागतो, आणि प्लायमध्ये आटे न पाडता धातूचा टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा आट्यांचा नट) बसवावा. हाताशी असलेला पैसा ट्रायपॉडच्या पायांवर घालावा, कारण पाय थरथरत असतील तर वरचे गिंबल कितीही सुरेख असले तरी उपयोग नाही.

तळ्याकाठच्या आधारात आपल्या स्क्रॅपरचे खरे चीज होईल. साधारण ३०० बाय २५० मिलिमीटरची सागाची फळी घ्यावी, तिची पुढची कड खालून उतरती गोल करावी म्हणजे चिखलात रुतत नाही, तळ स्क्रॅपरने गुळगुळीत करावा आणि मध्यभागी खालून डोके बुडवलेला ३/८ इंची बोल्ट द्यावा. हिवाळ्यानंतर पाणी मागे सरते तेव्हा काठावर पोटावर झोपून ही फळी पुढे सरकवत कंठेरी चिखल्या किंवा शेकाट्या त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपता येतात. उभ्याने काढलेल्या छायाचित्रात ती जवळीक येत नाही. फळीला चकचकीत वॉर्निश लावू नये. चकाकीने पक्षी बुजतात. जवसाचे तेल दोन-तीन हात पुरेसे आहे. मात्र तेलाचे बोळे चुरगळून ठेवू नयेत, पसरून वाळवावेत, कारण ते आपोआप पेट घेऊ शकतात.

पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या सफारीत जिप्सीमध्ये यातले काहीच कामाचे नाही. तेथे दारावर किंवा दांडीवर टाकायची बीन बॅग घ्यावी. तिच्यात धान्य भरू नये. पावसात ते फुगते, आणि पिशवी उसवली तर दाणे जंगलात सांडतात. त्याऐवजी प्लॅस्टिकचे दाणे भरावेत, ते हलकेही असतात. उन्हाळ्यात सकाळी उशिरा पाण्यावरून काढलेली चित्रे मऊ, म्हणजे अस्पष्ट, आली तर गिंबलला दोष देऊ नये. तापलेल्या हवेची थरथर कोणतेही साहित्य थांबवू शकत नाही, तेव्हा लवकर पोहोचणे हाच उपाय.

गिंबल पूर्ण झाल्यावर लेन्स चढवण्यापूर्वी पाळण्यावर ६ किलो वाळूची पिशवी बांधावी, म्हणजे खऱ्या वजनाच्या दुप्पट, आणि ती रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी कोपऱ्यात थरांमधील गोंदाची रेघ भिंगाने तपासावी, बोल्ट ढिला झाला आहे का ते पाहावे आणि टी-नट प्लायमध्ये रुतला नाही ना याची खात्री करावी. हीच तपासणी पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा करावी, कारण उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत घट्ट बसलेले लाकूड आषाढ-श्रावणात फुगून वॉशरवरचा दाब बदलते.